बोअरची घाई नको

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गुहागरजवळच्या आमच्या घरातून या उन्हाळ्यात वडिलांचं व्हिलियर्सचं इंजिन आणलं. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारं. पोफळीच्या बागेला याच इंजिनावरच्या पंपानं पाणी मिळायचं. वडील गेल्यापासून, म्हणजे वीसेक वर्षं, ते पडवीत पडून होतं. दोरी ओढून पाहिली, चाक तसूभरही हलत नाही. इथला एक गॅरेजवाला म्हणतो, "जॅम झालंय. सिलिंडरला बोअर मारू, नवा पिस्टन टाकू, रंग देऊन नव्यासारखं करून देतो." मुलगा म्हणतो, साफ करून हॉलमध्ये शोभेला ठेवू. सौ. म्हणते, घरात रॉकेलचा वास नको. मला ते स्वतः उघडून चालू करायचं आहे, पण आयुष्यात कधी पाना धरलेला नाही. या वयात जमेल का? सुरुवात कुठून करू? ओळखीतल्या एकांच्या गाळ्यातलं जुनं लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्रही स्वस्तात मिळतंय, ते घेऊन ठेवू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नमस्कार.

जमेल. पाना धरायला आठवड्यात शिकाल. या छंदात माणसं हरतात ती पाना येत नाही म्हणून नव्हे, वस्तू कुठून काढली याची नोंद ठेवत नाहीत म्हणून. तुम्ही बँकेत उमेदीची वर्षं काढलीत; खतावणी जुळेपर्यंत उठायचं नाही ही सवय तुमच्या अंगात आहे, आणि जुनं इंजिन उघडणाऱ्याला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

आधी गॅरेजवाल्याचं बघू, कारण तिथेच घाई होण्याची भीती आहे. इंजिन त्याच्याकडे अजून दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर आजच परत आणा. त्याच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे रोज येणाऱ्या स्कूटरींना हाच इलाज लागू पडतो. पण सिलिंडरचं आयुष्य मोजकं असतं. बोअर मारायचा म्हणजे आतून लोखंड खरवडून भोक थोडं मोठं करायचं आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवायचा. ही वाढ दहा किंवा वीस थाऊच्या पायऱ्यांनी होते आणि चाळीसच्या आसपास संपते. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पुढे भिंत इतकी पातळ होते की स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी, ठोकण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणजे गरज नसताना मारलेला प्रत्येक बोअर त्या सिलिंडरची एक पायरी खाऊन टाकतो, आणि ती पायरी परत मिळत नाही. चाक फिरत नाही एवढ्यावरून सिलिंडर झिजला आहे असा निष्कर्ष निघूच शकत नाही. आत माप घेतल्याशिवाय बोअरचं नाव काढणाऱ्याच्या हाती वडिलांचं इंजिन द्यायचं नाही, हे माझं ठाम मत आहे.

मग ते जॅम का झालं? रॉकेलच्या इंजिनांची एक खोड असते. रॉकेल गार असताना नीट पेटत नाही, म्हणून ही इंजिनं पेट्रोलवर सुरू करायची, अंग तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायची, आणि बंद करण्याआधी पुन्हा काही मिनिटं पेट्रोलवर चालवायची. वडील हे करताना तुम्ही पाहिलंही असेल. तसं न करता रॉकेलवरच बंद केलं, की न जळलेलं रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची पातळ साय धुऊन काढतं. मग कोरं लोखंड, कोकणातली दमट हवा, आणि चाक थांबताना एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला. हवा थेट आत गेली आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजून धरल्या. बहुतेक वेळा 'जॅम' म्हणजे इतकंच असतं. रिंगांच्या उंचीएवढा गंजाचा एक पट्टा, बाकी भिंत चांगली.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वाट पाहणं. स्पार्क प्लग काढा. तो घट्ट असेल तर त्याच्या बुडाशी गंज सोडवायचा स्प्रे मारून एक रात्र थांबा. भोकातून निम्मं डिझेल आणि निम्मं पातळ ऑइल ओता, पिस्टन बुडेल इतकं. इंजिन कलतं ठेवायला लागलं तर ठेवा, खाली पत्र्याचा ट्रे घ्या. रॉकेल चालतं, पण ते मिळणं आता सोपं राहिलेलं नाही आणि वासाचा प्रश्न तुमच्या घरात आधीच उभा आहे. दोनतीन दिवसांनी पातळी बघा, उतरली असेल तर भर घाला. पातळी उतरणं हे शुभलक्षण आहे; याचा अर्थ रिंगांच्या कडेनं वाट मिळते आहे. असे निदान दोनतीन आठवडे जाऊ द्या. मुंबईतला पावसाळा या कामासाठी उत्तम, कारण इतर कोणतंही काम या दिवसांत करू नये. जुलैत गंज काढून कोरं केलेलं लोखंड संध्याकाळपर्यंत पुन्हा लालसर होतं. मुलुंड खाडीपासून फार दूर नाही. म्हणून पावसाळाभर भिजवा आणि धुणं, घासणं नवरात्राच्या सुमारास सुरू करा.

मग चाक हलवून बघायचं. हातोडी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावा म्हटलं तरी चालेल. फ्लायव्हीलच्या कडेवर ठोका घातला तर चाक फुटतं, क्रँकला बाक येतो, आणि आतले मॅग्नेटोचे, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचे, चुंबक धक्क्यानं कमजोर होतात. दोन्ही हातांनी चाक धरून पुढे, मग मागे, जराजरा. तीळभर हलल्याचा भास झाला तरी त्या दिवसापुरतं थांबा आणि आणखी ऑइल घाला. अजिबातच हललं नाही तर हेड काढायचं. व्हिलियर्सची ही इंजिनं साइड व्हॉल्व्हची, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कुशीत असतात आणि हेड नुसतं झाकण असतं. शिकणाऱ्याला याहून सोपं इंजिन मिळणार नाही. हेडचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे सैल करत जा. एका बाजूचे आधी पूर्ण काढले तर हेड वाकडं होतं. एखादा बोल्ट हट्टाला पेटला तर आधी जरासा घट्ट दिशेला, मग सैल दिशेला, असं हलवत राहा. तुटलेला बोल्ट भोकातून काढणं हे स्वतंत्र काम आहे आणि ते घरी करायचं नाही. हेडखालचं जुनं गॅस्केट ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. ते कोरडं खरवडू नका, पॉलिश पेपर तर मुळीच लावू नका. पाण्यानं भिजवून अख्खं उचला, पिशवीत बंद करा.

हेड निघालं की पिस्टनच्या माथ्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातानं दाब द्यायचा, लागलाच तर लाकडी मोगरीचा हलका ठोका. पिस्टन सुटून खाली आला की भिंत पुसून बघा, बोटाचं नख फिरवा. नख अडकेल इतकी पायरी किंवा खड्डा नसेल तर निम्मी लढाई जिंकलात. आता सिलिंडर घेऊन माप घेणाऱ्या माणसाकडे जायचं. मुलुंड चेकनाक्यापलीकडे वागळे इस्टेट आहे, अलीकडे भांडुप आहे. लेथ आणि बोअरिंगची जॉबवर्क करणारे गाळे दोन्हीकडे आहेत. बोअर गेजनं वर, मधे, खाली आणि आडवंउभं माप घ्यायला सांगा आणि आकडे तुमच्या वहीत लिहून घ्या. मग ठरवा. माझा अंदाज, नव्या रिंगा आणि भिंतीवर हलकं होनिंग (दगडानं बारीक घासणं) एवढ्यावर भागेल. माप वेगळं बोललं तर बोअर जरूर मारा. तेव्हा तो न्याय्य आहे.

व्हॉल्व्हकडे मात्र दुर्लक्ष करू नका, कारण बंद पडलेल्या साइड व्हॉल्व्ह इंजिनात तेही गाइडमध्ये, म्हणजे त्यांची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात, चिकटलेले असतात. ते काढून, ग्राइंडिंग पेस्ट लावून, आधी जाडी मग बारीक, बैठकीवर फिरवत बसवायचे. झाल्यावर वरून थोडं डिझेल ओतून बघायचं. पाच मिनिटांत खाली ओल आली नाही तर व्हॉल्व्ह बसला. हे काम गॅलरीत चहा पीत करता येतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात आनंदाचं काम हेच.

पान्यांचं आत्ताच सांगते, नाहीतर पहिल्याच दिवशी नटांचे कोपरे गोल कराल. तुमचं इंजिन ब्रिटिश मापाचं आहे, त्याला मिलिमीटरचे पाने लागत नाहीत. जवळपास बसतात, आणि तोच धोका. व्हिटवर्थ आणि बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापांचे आटे ५५ अंशांचे, आजचे मेट्रिक आटे ६० अंशांचे. चुकीचा बोल्ट दोन फेरे जातो आणि मग आटा मोडतो. पाने नागदेवीला मिळतील. मशीद बंदरला उतरून चालत जा, निघालेला नट खिशात घेऊन जा. दुकानदार अजूनही सुतात बोलतात, आठ सुतांचा एक इंच. नट दाखवलात की बोलायची गरजही पडणार नाही. जुने, चांगल्या पोलादाचे पाने शुक्रवारी चोरबाजारात किंवा रे रोडच्या दारूखान्यात नशिबानं हाती लागतात, पण त्यासाठी फिरण्याची हौस हवी.

नोंदीबद्दल थोडक्यात. प्रत्येक वस्तू काढण्याआधी मोबाइलवर फोटो, काढल्यावर वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी. पातळ वायसर फेकायचे नाहीत. ते अंतर ठेवण्यासाठी मुद्दाम घातलेले असतात.

ठिणगीसाठी फ्लायव्हीलमधला मॅग्नेटो. त्यात मुख्यतः चार गोष्टी : चुंबक, कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट (उघडझाप करणारे दोन संपर्क). पॉइंटवर वीस वर्षांची काजळी असते, ती बारीक पेपरनं पुसून स्वच्छ पुठ्ठ्याचा तुकडा मधून ओढायचा आणि फट पंधरा थाऊच्या आसपास ठेवायची. कंडेन्सर जुना असला की विचार न करता बदलायचा. तो स्वस्त असतो आणि वयानं मरतोच. कॉइलला दमट हवेनं इजा झालेली असते, तरी आधी ती नुसती कोरड्या, उबदार जागी काही दिवस ठेवून बघा. नाहीच जमलं तर वाइंडिंगवाल्याकडून भरून घेता येते. फ्लायव्हील काढावंच लागलं तर पुलर लावून काढा आणि चुंबकांवर लोखंडी पट्टी टेकवून ठेवा.

कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असेल. पितळेची जेट तारेनं टोचू नका, भोक मोठं होतं. स्प्रेनं किंवा दातकोरणीच्या लाकडानं साफ करा. आणि एक नवी अडचण तुमच्या वडिलांच्या काळात नव्हती. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर, बुचाचे वायसर फुगवतं. म्हणून रबराचे सगळे पाइप नवे घाला, आणि काम झालं की टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. मुंबईच्या पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवून विसरलात तर ऑक्टोबरात तळाशी पाणी सापडेल.

गंज काढायला घरात सगळ्यात सौम्य उपाय लिंबूफुलाचा. किराण्याच्या दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवायचं, लोखंडी भाग रात्रभर बुडवायचा, सकाळी ब्रश. दुसरा उपाय विजेचा : बादलीत धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार टाकाऊ लोखंडी पत्र्याला. पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचा भाग त्या बादलीत घालू नका, तो विरघळतो. हायड्रोजन निघतो म्हणून हे गॅलरीतच, खिडक्या उघड्या ठेवून. आणि कोणत्याही उपायानंतर धुऊन, पुसून, तिथल्या तिथे ऑइलचा हात फिरवायचा. चहा झाल्यावर लावतो असं म्हणू नका.

आता वहिनींचा मुद्दा. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि वासापेक्षा मोठं कारण आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत स्वयंपाकघरापर्यंत जाते, आणि तिथे गॅस आहे, देवघरात समई आहे. इंजिनचा धूर तर फ्लॅटमध्ये जीवघेणा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तेव्हा घराचा नियम एकच ठेवा : मुलुंडच्या घरात पेट्रोलचा थेंब येणार नाही आणि इंजिन घरात, गॅलरीत किंवा गच्चीवर कधीही चालू होणार नाही. गच्चीबद्दल वेगळं सांगते कारण मोह तिथेच होतो. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि तुमचं व्हिलियर्स त्याच्या कितीतरी वर बोलणार. घरी धुण्या-पुसण्याचं, व्हॉल्व्हचं, मॅग्नेटोचं काम. पेटवायचं गाळ्याच्या दारात किंवा सरळ गुहागरला.

गाळा कुठून आणायचा? विकत नाही, भाड्यानंही नाही. माप घ्यायला जाल तिथेच ओळख वाढवा. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला जा. त्या दिवशी मशिनं धुऊनपुसून झेंडूचे हार घालून ठेवलेली असतात, माणसं निवांत असतात आणि जुन्या इंजिनाबद्दल बोलायला त्यांना आवडतं. तिथे एखादा म्हातारा फिटर भेटला तर त्याला सोडू नका. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतले कितीतरी फिटर-टर्नर अशाच छोट्या गाळ्यांत कामाला लागले. परळ आणि माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांतून निवृत्त झालेलेही उपनगरांत विखुरलेले आहेत. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. कानाला स्क्रू ड्रायव्हरचा दांडा लावून कुठलं बेअरिंग बोलतंय हे सांगणारी ही माणसं. त्यांना हात लावू देऊ नका, शेजारी बसवा. "हे असं का?" असं विचारत राहा आणि उत्तर वहीत लिहा. त्यांच्या वेळेचा मोबदला विचारून द्या.

लेथ घेऊ नका. निदान आत्ता नाही. गाळ्यातलं लहानसं लेथही काहीशे किलोंचं असतं, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा स्लॅब त्यासाठी बांधलेला नसतो, आणि बरीचशी जुनी लेथं थ्री फेज विजेवर चालतात, घरच्या साध्या जोडणीवर नाही. तुम्हाला वर्षभर लागेल ती एक चांगली व्हाइस, दोनतीन कानशी आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्या. लेथचं काम जॉबवर करून घ्या. पण ते लेथ भंगारात जाणार असेल तर गाळ्यातल्या ओळखीच्यांना जरूर कळवा.

रंगाबद्दल मुलाशी बोला. शोभेला ठेवायलाही माझी हरकत नाही, पण चालू झाल्यावर, आणि नवा रंग न देता. मूळ रंग जिथे टिकला आहे तिथे पातळ ऑइलचं फडकं पुरतं. वडिलांच्या हातानं दोरी गुंडाळून पुलीच्या कडेचा जो भाग घासून चकचकीत झाला असेल, तो रंगाखाली गेला की परत आणता येणार नाही. तसं हे इंजिन दुर्मीळ नाही. १८९८ साली इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनला सुरू झालेल्या या कंपनीनं १९५६ पर्यंत वीस लाख इंजिनं बांधली होती. म्हणूनच ते उघडायला घाबरू नका, सुटे भाग शोधले तर मिळतात. पण गुहागरच्या पोफळींना पाणी दिलेलं असं हे एकच आहे. मुलाला व्हॉल्व्ह घासायला बसवा, एका रविवारी त्याचं मत बदलेल असं मला वाटतं. इंजिनावरच्या प्लेटवर मार्क आणि स्पेसिफिकेशनचा नंबर असतो. प्लेट घासू नका, साबणाच्या पाण्यानं पुसून नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सुटे भाग मागताना दुकानदार तोच विचारेल.

पहिल्यांदा पेटवाल तेव्हा बंद कसं करायचं हे आधी ठरवून ठेवा. मॅग्नेटोची तार इंजिनाच्या अंगाला टेकवून ठिणगी बंद करायची सोय दोनदा तपासा, कारण अडकलेला थ्रॉटल घेऊन पळत सुटलेलं इंजिन शोधायला वेळ देत नाही. पंप वेगळा करा किंवा पाण्यात जोडा, कोरडा फिरवू नका. फक्त पेट्रोल घाला, रॉकेलचं पुढे बघू. दोरीला गाठ ठेवा, पण दोरी हाताला गुंडाळू नका; उलटा झटका आला तर मनगट जातं. चालू झालं तर पाच मिनिटांनी बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, हेडचे बोल्ट पुन्हा तपासा. तासाभराच्या एकूण चालण्यानंतर ऑइल बदला. रॉकेलवर घेतल्यावर दर काही दिवसांनी ऑइलची पातळी बघा. ती वाढलेली दिसली आणि ऑइलला रॉकेलचा वास आला, तर इंजिन पुरेसं तापायच्या आत कॉक फिरवला जातोय असं समजा आणि ऑइल लगेच काढून टाका.